माझ्याविरुद्ध लिहा

रविवार, ९ फेब्रुवारी १९५८. वेळ दुपारी चार. स्थळ पांढरकवडा, वाचनालयाचे अंगण. विषय : उत्क्रांतिवाद खरा आहे काय? हजर एकशे सात, पैकी बायका अकरा. शिवाय एक बैल.

ही नोंद माझ्या हातची आहे. तेव्हा मी तहसील कचेरीत कारकून होतो आणि वाचनालयाचा बिनपगारी सेक्रेटरी. बैल हजेरीत धरावा की नाही यावर मी अडलो होतो, म्हणून तो वेगळ्या ओळीत लिहिला. ज्यांच्यामुळे ती सभा भरली होती ते थूल सर माझ्या खांद्यावरून डोकावले आणि म्हणाले, "बरं केलं. श्रोते वेगळे, पुरावा वेगळा."

महादेव थूल आमच्या गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत. छप्पनच्या जूनमध्ये आले आणि अठ्ठावन्नच्या एप्रिलअखेर गेले. म्हणजे जेमतेम तेवीस महिने. बाभुळगावकडच्या एका खेड्यातले, नागपूरला राहून बी.एस्सी. झालेले. मूळचे महार. आले त्याच वर्षी दसऱ्याला वडिलांना घेऊन नागपूरला गेले आणि दोघे बौद्ध होऊन परतले. ते आले तेव्हा माझ्या घराची पुढची खोली रिकामी होती. त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "पाण्याची जरा अडचण आहे." विहिरीला त्या वेळी पुरुषभर पाणी होतं. ही गोष्ट इथे लिहिली नाही तर पुढचं लिहिण्यात अर्थ नाही, म्हणून लिहितो. सर नाल्यापलीकडच्या वस्तीत राहिले. मला त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही आणि पुन्हा कधी विचारलंही नाही.

उंची बेताची, आवाज खालचा. खडूचे तुकडे काडेपेटीत घालून ती सदऱ्याच्या खिशात ठेवायची सवय. बोलताना वाक्याच्या मध्येच थांबत, वर आढ्याकडे पाहत आणि मग आधीचं अर्धं वाक्य मागे घेऊन नवं सुरू करत. मुलं म्हणत, सर मनातल्या मनात खोडरबर वापरतात. 'सिद्ध झालं' हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही. ते म्हणत, "आतापर्यंत तरी असं दिसते."

रविवारी संध्याकाळी वाचनालयात चर्चा असे. पंधरा-वीस जण येत. सर यायला लागले आणि फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ आली. डावीकडे बाजूचे मुद्दे, उजवीकडे विरुद्ध. विषय कोणताही असो, सर आधी आपल्या विरुद्ध बाजूचा रकाना भरत, आणि तोही जीव लावून. मी एकदा विचारलं, "सर, हे काम समोरच्यांचं. तुम्ही कशाला करता?"

"आपल्या बाजूचं कोणीही लिहिते, सेक्रेटरी. दुसऱ्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा नीट मांडता आलं तर समजायचं, आपल्याले विषय कळला."

कोणी बिनतोड हरकत घेतली की ते हसत आणि मला सांगत, "माझ्याविरुद्ध लिहा." चर्चेच्या वहीत हे दोन शब्द मी इतक्या वेळा ऐकून लिहिले आहेत, की पुढे कचेरीतल्या एका चौकशीत साहेबाने माझी चूक काढली तेव्हा माझ्याही तोंडून तेच निघालं.

चर्चेत त्यांच्या समोर बसणारे मुख्य गृहस्थ म्हणजे दिगंबरपंत वकील. वय साठीचं, शाळेच्या सात जणांच्या कार्यकारिणीत एक. उत्क्रांतिवाद त्यांना सरळसरळ अमान्य होता. पण माणूस अडाणी नव्हता, आणि थट्टा त्यांना छान जमे. आमच्याकडे वानरांचा उच्छाद. एका रविवारी वकीलसाहेब आले ते तक्रार घेऊनच. "सर, तुमचे पूर्वज काल माझ्या छपरावर नाचून गेले. चाळीस कवेलू फुटले. भरपाई कोणाकडे मागू?"

"पूर्वज नाही, साहेब. चुलतभाऊ म्हणा. आपला आणि त्यांचा पणजोबा एक, इतकंच माझं म्हणणं."

"बरं, चुलतभाऊ."

"चुलतभावाचं नुकसान आपल्यावर बसते का, हे कायद्यातलं आहे. ते तुम्हीच सांगा."

वकीलसाहेब मनापासून हसले होते. हे सगळं कवडीच्या आधीचं.

सत्तावन्नच्या दिवाळीनंतर केळापूरजवळच्या एका बंजारा तांड्यावर विहीर खणली जात होती. काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये चुनखडीचा पांढरा पट्टा लागला आहे असं सरांच्या कानावर आलं. ते सुटीच्या दिवशी पायी गेले. अठरा हात खोलीवरून काढलेल्या मातीच्या ढिगात त्यांना एक अर्धी तुटलेली, चुनखडीने लडबडलेली कवडी सापडली. कवडी समुद्रातली. म्हणजे इथे कधीकाळी समुद्र होता. त्या रविवारी सर वाक्याच्या मध्ये थांबले नाहीत, आढ्याकडे पाहिलं नाही. तेवढ्या एकाच दिवशी. कवडी काचेच्या बरणीत घालून वाचनालयाच्या दाराशी ठेवली आणि खाली चिठ्ठी लावली.

मंगळवारच्या बाजाराला तांड्याच्या नायकाची आई गावात आली होती. दारातली गर्दी पाहून ती आत डोकावली, आणि बरणी हातात घेऊन हसायलाच लागली. "अरे मास्तर, हे त माह्या ओढणीची कवडी हाय! टोपलं उचलून राह्यलती तवा तुटून पडली. एक्कावन होत्या. आता मोज, पन्नास भरते का नाई."

सरांनी खरंच मोजल्या. पन्नास. रिकाम्या जागी तुटका दोरा होता. त्यांनी कवडी धुतली, दोऱ्यापाशी धरून पाहिली आणि म्हाताऱ्या बाईला परत दिली. पुढच्या रविवारी ते उभे राहिले आणि म्हणाले, "मागच्या वेळी मी सांगितलं ते चूक. कवडी विहिरीतली नाही, ओढणीची. मला हवा होता तो पुरावा मिळाला म्हणून मी तो तपासला नाही. हे वहीत माझ्या नावानं लिहा."

गावाने मात्र कवडी सोडली नाही. पोरं रस्त्याने "कवडीसर" म्हणू लागली. वकीलसाहेबांनी कार्यकारिणीला पत्र लिहिलं : ज्यांना समुद्र आणि ओढणी यांत फरक कळत नाही, ते आमच्या मुलांना माणसाची उत्पत्ती शिकवतात. जूनमध्ये सरांना दोन वर्षं पूर्ण होणार होती आणि त्यांना कायम करण्याचा ठराव त्याआधी व्हायचा होता. कार्यकारिणीने कळवलं, की शिक्षकाने जाहीर सभेत आपलं म्हणणं पुराव्यानिशी मांडावं. सभेनंतर त्यांच्या नेमणुकीचा विचार होईल. म्हणजे नोकरी त्या सभेवर टांगलेली होती. त्यांच्या घरी वडिलांशिवाय आई आणि दोन शिकते भाऊ होते, आणि पगार घरात तेवढा एकच येत होता.

"वकीलसाहेबांचं काय चुकलं?" सर मला म्हणाले. "कवडी माझ्या एकट्याच्या भरवशाची होती. आता असा पुरावा ठेवतो, का गावातला कोणताही माणूस आपल्या हातानं पाहीन."

त्यांच्या मनात बैलाचा पुढचा पाय होता. माणसाच्या हातात जी हाडं, तीच बैलाच्या पायात, त्याच क्रमाने. फक्त कुठे लांबलेली, कुठे जुळलेली. माणसाच्या तळहातात पाच हाडं, बैलाच्या नळीत दोन हाडं जुळून एक झालेली. ते हाड हातात दिलं की आंधळाही बोट फिरवून सांगेल.

मी म्हणालो, "मग सोपं आहे. वडिलांना सांगा, एक पाय आणून देतील."

चांगल्या मनाने बोललो होतो. मदत करतो आहे असंच मला वाटत होतं. सरांनी हातातला खडू काडेपेटीत ठेवला. मग बोलले ते वर्गातल्या भाषेत नाही, घरच्या.

"सेक्रेटरी, माह्या बापानं तीस वर्ष गावची मेलेली ढोरं ओढली. दीक्षा घेतली त्या दिवसापासून हात लावला नाही. गावानं काम बंद केलं, पाण्यासाठी भांडण झालं, एक उन्हाळा उपाशी काढला, तरी नाही लावला. आता मी त्याले कोणत्या तोंडानं सांगू? का बावा, अजून एक ओढ, मले नोकरीत कायम व्हायचं हाय?"

मी खाली पाहिलं. कचेरीत हजार नोंदी तपासणारा माणूस मी, आणि ही एक नोंद माझ्या नजरेतून सुटली होती.

सभेच्या आठ दिवस आधी सोमाजी, म्हणजे सरांचे वडील, स्वतःच आले. वाळलेले, ताठ, डोक्याला पांढरं फडकं. हातात पोतं होतं. वाचनालयात मी आणि सर दोघेच होतो. पोतं दाराबाहेरच ठेवून ते म्हणाले, "तुले पायजे होतं ना? आनलं."

सर उठले. "कोनं सांगितलं तुले?"

"गावात समदेच बोलून राह्यले, का मास्तरले हाड भेटत नाही म्हनून नोकरी जाते. वढलं नाही म्या. पडीक वावरात पडून होतं. फक्त उचललं."

"बावा, उचललं काहून?"

"तुह्यासाठी."

दोघे समोरासमोर उभे होते. सरांनी पोत्याकडे एकदाही पाहिलं नाही. शेवटी इतकंच म्हणाले, "जिथून आनलं तिथं नेऊन ठेव. नोकरी गेली त दुसरी पाहू. तू पुन्हा वाकलेला मले चालनार नाही."

म्हाताऱ्याने पोतं खांद्यावर टाकलं आणि आल्या पावली बस स्टँडकडे गेला. सरांनी काडेपेटीतून खडू काढला, फळ्याकडे गेले आणि काही न लिहिता परत आले.

तर सभेला हाड नव्हतं. बैल होता. आणि तो वकीलसाहेबांचाच होता, पाखऱ्या नावाचा. सरांनी आदल्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन मागितला होता. "पुरावा तुमच्या गोठ्यातला असला म्हणजे मी बदलला असं कोणी म्हणणार नाही." वकीलसाहेबांनी सालदारासह पाठवला. सालदाराचं नाव किसन.

आधी बोलायचा मान सरांनी वकीलसाहेबांना दिला. ते उत्तम बोलले. म्हणाले, "एक सुतार दहा छकडे करतो. दहांची चाकं, धुरा, साटी एकाच घडणीची. म्हणून एका छकड्यापासून दुसरा जन्मला असं म्हणायचं? एक घडण दिसली तर कर्ता एक, इतकंच ठरतं." लोकांनी टाळ्या दिल्या. सरांनीही दिल्या, आणि मुद्दा फळ्यावर उजवीकडे स्वतःच्या हाताने लिहिला.

मग ते पाखऱ्यापाशी गेले. "याला आपण गुडघा म्हणतो. वकीलसाहेब, जरा वर चाचपा. पोटाजवळ. हे लागते ते कोपर. आपल्या कोपरासारखंच वाकते. मग कोपराखालचा पहिला सांधा कोणता?"

वकीलसाहेब उपरणं सावरून खाली बसले. एका हाताने बैलाचं कोपर, दुसऱ्याने आपलं. "मनगट," ते म्हणाले.

"म्हणजे ज्याला आपण गुडघा म्हणतो ते बैलाचं मनगट. खालची नळी हा तळहात. दोन खूर ही दोन बोटं. मागे लटकतात त्या खुरट्या अजून दोन. जमिनीला टेकत नाहीत. सुतारानं न लागणारी खुंटी ठोकलीच कायले?"

किसनने मान हलवली. "टेकतात, सर. गाऱ्यात पाय रुतला का बराबर टेकतात. त्याच्यानंच बैल निंगते."

मी सरांकडे पाहिलं. त्यांना ते ठाऊक नसावं. ते खाली वाकले, खुरट्या पुन्हा पाहिल्या. "बरोबर आहे किसनभाऊचं. माझ्याविरुद्ध लिहा." आणि लोकांकडे वळून म्हणाले, "मी पुस्तक वाचलं, त्यानं चिखल पाह्यला."

"वकीलसाहेब, उठा आता," किसन म्हणाला, "नाहीत त पाखऱ्याच तुमची नाडी पाहीन." सगळं अंगण हसलं. वकीलसाहेबही हसले, पण उठले नाहीत. वकिलाची नजर होती. बरोबर जागी अडकली.

"सर, बोटं दोन म्हणता. मग तळहातात हाडं दोन पाहिजेत. नळी तर एकच लागते आहे."

"दोन जुळून एक झाली."

"बाहेरून दिसत नाही. हाड दाखवा."

"आणलं नाही."

"का?"

"आणणार नाही, साहेब. इतकंच. सेक्रेटरी, हाही मुद्दा माझ्याविरुद्ध."

मी लिहिला. कार्यकारिणीतले एक जण खुर्चीतूनच मोठ्याने म्हणाले, "कमाल आहे! घरी ढीग असून आणलं नाही!" काही जण हसले. सर फळ्याकडे तोंड करून उभे होते. त्यांच्या हातातला खडू मोडला.

मागच्या भिंतीपाशी सोमाजी उभे राहिले. ते आले आहेत हे मला माहीत नव्हतं. सरांनाही नसावं.

"मी सांगू काय, साहेब?"

"तुम्ही कोण?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"सोमाजी. ह्या मास्तरचा बाप."

सर वळले. त्यांचा चेहरा मी पाहिला. नको, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. पण म्हणाले वेगळंच. "हे लिहून घ्या. साक्षीदाराचा माझ्याशी संबंध आहे. उलटतपास कडक व्हावा."

आणि वकीलसाहेबांनी तो घेतला. कोर्टात घेत तसा, उभं राहून, आणि 'अहो-जाहो' करून. त्या अंगणात सोमाजींना तसं कोणी बोललेलं मी आधी ऐकलं नव्हतं.

"किती जनावरं सोललीत तुम्ही?"

"मोजली नाही बाप्पा. आठोड्याले एक धरा. तीस वर्ष."

वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "पंधराशे साठ," मी म्हणालो.

"नळीचं हाड एक की दोन?"

"मोठ्या ढोराचं एक. पन पुढच्या अंगानं उभी चीर रायते. बोट फिरवलं का लागते. खाली खुरापाशी दोन मुंडकी, मंधात चाकू अडकते."

"चीर म्हणजे दोन हाडं होती, असं कशावरून?"

"गाभन गाय मेली त पोटात वासरू निंगे. लहान असलं त त्याच्या नळीत दोन काड्या रायत. अलग. हातानं सुटत. वीसेक डाव पाह्यलं म्या. मोठं होता होता जुळते ते." त्यांनी सरांकडे बोट केलं. "मले त्याचा अर्थ ठाव नव्हता. ह्या पोरानं सांगतला तवा समजला. पन पाह्यलेलं माह्यं हाय."

"खोटं बोलून तुमच्या मुलाची नोकरी वाचते, सोमाजी."

"हो. म्हनून तुमी अजून इचारा."

अंगणात कोणी हसलं नाही. वकीलसाहेबांनी आणखी चार प्रश्न विचारले, मागचा पाय, बकरी, डुक्कर. सोमाजी ठाऊक होतं ते सांगत, नसेल तिथे "ठाव नाही" म्हणत. शेवटी वकीलसाहेब खाली बसले. "साक्ष डोळ्यांनी पाहिलेल्याची आहे आणि उलटतपासात टिकली. हाडाचा मुद्दा मी मान्य करतो. सिद्धांत मान्य करत नाही." विरुद्ध बाजूला लिहिलेली ती ओळ मी खोडली आणि डावीकडे घेतली.

मग हात वर झाले. बाजूने एक्केचाळीस, विरुद्ध बावन्न, तटस्थ चौदा. तटस्थांत मी होतो. सेक्रेटरीने मत देऊ नये असा नियम होता. नियम होता म्हणून बरं वाटलं, हेही खरं आहे. सोमाजींनी हात कुठेच वर केला नाही, म्हणून तेही तटस्थांत धरले. सरांनी आकडे फळ्यावर लिहिले, बेरीज केली, एकशे सात भरते ना ते पाहिलं आणि फळा पुसला.

मार्चमध्ये कार्यकारिणीची बैठक झाली. कायम करावं म्हणणारे तीन, नको म्हणणारे चार. तिघांत दिगंबरपंत वकील होते. कारण लिहिलं गेलं, विद्यार्थी कमी झाले. पटावर त्या वर्षी एकोणीस मुलं वाढली होती. मी सरांना म्हणालो, आकडे घेऊन अर्ज करा. ते म्हणाले, "आकडे तुम्ही लिहून ठेवा. मी आता पुढच्या शाळेचं पाहतो." पुढची शाळा चांद्याकडे मिळाली असं नंतर कळलं. मला ते पुन्हा भेटले नाहीत.

शेवटचं पाहिलं ते एप्रिलच्या अखेरीस, दुपारी. वाचनालयाची तीन पुस्तकं परत करायला आले होते. सोमाजी सामान न्यायला आलेले. लोखंडी ट्रंक दारात ठेवली होती. सरांनी पुस्तकं दिली आणि चर्चेची वही मागितली. फेब्रुवारीचं पान काढून सावकाश वाचलं. एका जागी बोट थांबलं. तिथे मी लिहिलं होतं, 'थूल यांच्या वडिलांनी माहिती दिली.'

"सेक्रेटरी, साक्षीदाराचं पूर्ण नाव लिहितात."

मी दौत उघडली. ती ओळ खोडून लिहिलं, 'सोमाजी लक्ष्मण थूल.' कचेरीची सवय, हात तसाच पुढे गेला आणि मी विचारलं, "धंदा?"

विचारल्यावर कळलं, मी काय विचारलं ते. सोमाजी म्हणाले, "काय लिवता साहेब. सोडला तो."

"मग तसंच लिहा," सर म्हणाले. "जनावरं सोलणे, तीस वर्षं. सोडला. साल घाला."

मी साल घातलं, १९५६. सोमाजींना वाचता येत नव्हतं. "काय लिवलं?" त्यांनी विचारलं. सरांनी वही उचलली आणि ती ओळ त्यांना वाचून दाखवली, नावापासून सालापर्यंत, वर्गात वाचत तशी, एकेक शब्द सुटा करून. म्हाताऱ्याने डोळे मिटून ऐकलं.

"बराबर हाय," ते म्हणाले.

बसची वेळ झाली होती. बाप-लेकांनी ट्रंक दोन बाजूंनी उचलली. मीही धरायला पुढे झालो, पण ट्रंकेला कड्या दोनच होत्या.